अवतलन, महासागरी तळाचे

महासागरी भूपट्ट (पृथ्वीच्या बाह्य कठीण थराचा सरकता तुकडा) मध्य-महासागरी पर्वतरांगेपासून, म्हणजे नवा तळ जेथे तयार होतो तेथून, दूर सरकत जातो, तसा तो थंड होतो, त्याची घनता वाढते आणि त्याचा पृष्ठभाग हळूहळू खाली जातो. या क्रियेस महासागरी तळाचे अवतलन म्हणतात. भूपट्टावर उभे असलेले ज्वालामुखी व बेटेही त्याच्याबरोबर खचतात. भूजलाच्या उपशाने किंवा खाणकामाने जमीन खचते ती क्रिया निराळी. भूकंपाच्या वेळी क्षणात होणारे खचणेही येथे अभिप्रेत नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट हे टोक सुमारे ४ मीटर खाली गेले, ते या दुसऱ्या प्रकारात मोडते.

पर्वतरांगेच्या माथ्यावर पाण्याची खोली सरासरी २.५ किमी. असते. तेथून दूर गेल्यावर वाढणारी खोली ही तळाच्या वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. वय दशलक्ष वर्षांत घेतले, तर त्याच्या वर्गमुळास सुमारे ३५० मीटरांनी गुणावे लागते. म्हणजे २५ दशलक्ष वर्षे वयाचा तळ माथ्यापेक्षा सु. १,७५० मी. आणि ६४ दशलक्ष वर्षांचा सु. २,८०० मी. खोल असतो. तळ जुना होतो तसा खचण्याचा वेगही मंदावतो. ६० दशलक्ष वर्षांच्या आसपास तो वर्षाला मिलिमीटरचा पन्नासावा भाग इतकाच उरतो.

सुमारे ७० ते ८० दशलक्ष वर्षांनंतर हे गणित बिघडते. तळ अपेक्षेइतका खाली जात नाही. भूपट्ट वरून खाली अमर्याद थंड होत जातो असे मानणारे प्रतिरूप येथे अपुरे पडते. पार्सन्स व स्क्लेटर यांनी १९७७ मध्ये भूपट्टाला ठरावीक जाडी (सु. १२५ किमी.) असते असे धरून निरीक्षणे जुळवली. स्टाइन व स्टाइन यांनी १९९२ मध्ये ती जाडी ९५ किमी. पर्यंत खाली आणली. जुन्या तळांपुरते मर्यादित जाडीचे प्रतिरूपच निरीक्षणांशी अधिक जुळते. मात्र जाडी ठरावीक राहण्यासाठी भूपट्टाला खालून उष्णता मिळत राहावी लागते. ती पुरवणारी यंत्रणा कोणती, यावर एकमत नाही. प्रावरणातील (भूपट्टाखालच्या तप्त खडकाच्या थरातील) लहान अभिसरण-प्रवाह हा त्यांतल्या त्यात स्वीकारला जाणारा पर्याय होय.

ताज्या ज्वालामुखीच्या वजनाने भूपट्ट वाकतो, त्याचा परिणाम याहून बराच जलद असतो. हवाईचे मोठे बेट वर्षाला सु. २.५ मिमी. या गतीने खचत आहे.

अवतलनाचा पुरावा प्रथम मिळाला तो प्रवाळांकडून, भूपट्टांची कल्पना निघण्याच्या शतकभर आधी. चार्ल्स डार्विन याने प्रवाळभित्ती प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असताना आपली उपपत्ती योजली होती. तेथील किनारा उचलला गेल्याचे त्याने १८३५ मध्ये पाहिले होते. उचलणे आहे तर कोठेतरी खचणेही असणार, हा त्याचा तर्क. १८३६ मध्ये त्याने हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटे पाहिली आणि १८४२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. बेटाला चिकटलेली अनुतट भित्ती, बेट खचल्यावर मध्ये पाणी शिरून झालेली रोधक भित्ती आणि बेट पूर्ण बुडाल्यावर उरलेले कंकणद्वीप (कड्यासारखे प्रवाळबेट), असा त्याचा क्रम होता. भित्ती बांधणारे प्रवाळ उजेड पोहोचेल अशा उथळ पाण्यातच जगतात. म्हणून तळ खचत राहिला तर त्यांना वर वाढत राहणे भाग आहे. खचण्याचे कारण मात्र डार्विनपाशी नव्हते.

जॉन मरी याने १८८० मध्ये याला विरोध केला. सागरी गाळाने उंचावलेल्या तळावर प्रवाळ वाढतात, खारकच्छ (कड्याच्या आतील उथळ पाणी) चुनखडक विरघळून तयार होते आणि खचण्याची गरजच नाही, असे त्याचे म्हणणे. अलेक्झांडर अ‍ॅगासी याने मालदीवसह अनेक बेटे पाहून तोच पक्ष उचलून धरला. वाद बेटांवर खोल छिद्रे पाडूनच सुटेल हे डार्विनने १८८१ मध्ये अ‍ॅगासीला लिहिले होते. त्यासाठी एखाद्या धनाढ्याने पैसे द्यावेत, अशी इच्छाही त्याने व्यक्त केली. रॉयल सोसायटीने १८९६–९८ मध्ये पॅसिफिकमधील फुनाफुटी या कंकणद्वीपावर सु. ३४० मी. खोल छिद्र पाडले. छिद्रातून काढलेला संपूर्ण गाभा (खडकाचा दंडगोल) प्रवाळी चुनखडकाचा निघाला. ज्वालामुखी खडक लागला नाही. दोन्ही बाजूंनी तो आपलाच विजय मानला: एका पक्षाला तेथे बुडालेली भित्ती दिसली, दुसऱ्याला उतारावरून घसरलेला चुरा. भूवैज्ञानिक डेली याने १९१० पासून हिमयुगातील सागरपातळीच्या चढउताराकडे लक्ष वेधले, तर भूरूपशास्त्रज्ञ डेव्हिस याने रोधक भित्तींच्या आतील बेटांच्या बुडालेल्या दऱ्या दाखवून डार्विनची बाजू घेतली. हा पुरावा डेना या भूवैज्ञानिकाने आधीच मांडला होता. तो इतका दुर्लक्षित राहिला याचे नवल वाटते.

१९५२ मध्ये पॅसिफिकमधील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर दोन छिद्रे १,२५० ते १,४०० मी. खोलीवर बेसाल्टपर्यंत (ज्वालामुखी खडकापर्यंत) पोहोचली. तळाची चुनखडी इओसीन काळातील (सु. ५६ ते ३४ दशलक्ष वर्षांपूर्वीची), उथळ पाण्यात बनलेली होती. खचण्याबद्दलचा वाद येथे मिटला. कंकणाच्या आकाराचा मात्र मिटलेला नाही. ड्रॉक्सलर व जॉरी यांनी २०२१ मध्ये मुख्यतः मालदीवच्या पुराव्यावरून असे मांडले की, आजची कंकणे गेल्या सु. ५ लाख वर्षांतील सागरपातळीच्या मोठ्या चढउतारांनी सपाट चुनखडकी मंचांवर घडवली. दोन्ही मते एकत्र नांदू शकतात. मंच इतका जाड झाला तो तळ खचल्यामुळे. माथ्यावरचे कडे व खारकच्छ ही पातळीच्या चढउताराची कारागिरी.

लक्षद्वीप, मालदीव व चागोस ही रांग याच प्रकारची. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थलावरून (खोलातून तप्त द्रव्य वर येण्याच्या स्थानावरून) गेला. सु. ६६ दशलक्ष वर्षांपूर्वीचे दख्खनचे बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीतील काळा पाषाण, हा त्या मालिकेचा आरंभ मानतात. पुढचे ज्वालामुखी दक्षिणेकडे क्रमाने तरुण होत जातात. १९८७ मधील सागरी छिद्रणात मालदीवजवळ सु. ५७ दशलक्ष वर्षांपूर्वीचा बेसाल्ट मिळाला. तो हवेत थिजलेला होता, पण आज त्या ठिकाणी दोन किलोमीटरांहून खोल पाणी आहे. उत्तरेकडील लक्षद्वीप पठाराचे कवच मुळात खंडीय, भारतापासून तुटलेले असावे, असे मत काही भूभौतिकशास्त्रज्ञ मांडतात. दक्षिणेकडील भागाच्या ज्वालामुखी उगमाविषयी फारसे दुमत नाही.

लक्षद्वीपच्या किनाऱ्यांची आजची धूप अवतलनाच्या खाती घालता येत नाही. जागतिक सागरपातळी वर्षाला ३ मिमी.हून अधिक वाढते आहे. जुना तळ थंड होऊन खचण्याचा वेग त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे.

प्रवाळांची वाढ मंदावली की बेट कायमचे बुडते. हवाई रांगेत क्युरे हे उत्तरेकडील अखेरचे कंकणद्वीप. त्यापुढचे पर्वत पाण्याखाली आहेत. या मर्यादेला ग्रिग याने १९८२ मध्ये डार्विन बिंदू म्हटले. सपाट माथ्याच्या अशा बुडालेल्या पर्वतांना गायॉट म्हणतात. हॅरी हेस याने १९४६ मध्ये पॅसिफिकमधील अशा सु. १६० पर्वतांची नोंद केली.