लॉस फंक्शन: कोणती चूक किती महाग, हे ठरलं कसं?

मशीन लर्निंगचं मॉडेल ‘शिकतं’ म्हणजे एक आकडा कमी करत नेतं. तो आकडा देणारं सूत्र म्हणजे लॉस फंक्शन. कोडमध्ये ते एका ओळीत उरकतं, म्हणून बहुतेकदा फारसा विचार न करताच निवडलं जातं. त्यातली मूळ सूत्रं मात्र संगणकाच्या खूप आधीची, भूमापन आणि खगोलशास्त्रातली आहेत.

१७५७ मध्ये रॉजर बॉस्कोविच हा शास्त्रज्ञ पृथ्वीच्या आकाराच्या प्रश्नात गुंतला होता. वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या मोजमापांचा आपसात मेळ बसेना. अधिक-उणे चिन्ह सोडून चुकांची बेरीज कमीत कमी यावी, असा निकष त्याने लावला. हाताने सोडवायला ते किचकट. १८०५ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लजांद्रने धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात चुकांचे वर्ग घेतले आणि समीकरणं सरळ सुटू लागली. ही पद्धत आपण १७९५ पासून वापरतो, असं जर्मन गणितज्ञ गाउसने १८०९ मध्ये लिहिलं आणि श्रेयाचा वाद पेटला.

फरक केवढा पडतो? २, ३, ४, ५ आणि ८६ ही एकाच वस्तूची मोजमापं धरा. वर्गांची बेरीज कमीत कमी करणारं उत्तर २०, म्हणजे सरासरी. बॉस्कोविचच्या निकषाने ४, म्हणजे मध्यक. एका भरकटलेल्या नोंदीने पहिलं उत्तर कुठल्या कुठे ओढून नेलं. १९६४ मध्ये पीटर ह्यूबरने मधली वाट काढली: लहान चुकांना वर्ग, मोठ्यांना सरळ प्रमाण. पण ‘मोठी’ कुठून म्हणायची, ते पुन्हा आपल्याकडेच.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गाउसचा प्रामाणिकपणा. १८२० च्या दशकात त्याने अंदाज बांधण्याला जुगाराची उपमा दिली. असा जुगार, ज्यात फक्त हरणं आहे. चूक केवढ्याला पडली हे ठरवताना वर्ग घेणं मर्जीचं आहे, हे त्याने उघड मान्य केलं. चिन्ह सोडून चूक मोजायची ही फ्रेंच गणितज्ञ लाप्लासची निवडही तितकीच मर्जीची, आणि वर्ग सोपा, एवढंच गाउसचं समर्थन. हाच विचार सांख्यिकीतज्ञ अब्राहम वाल्डने १९५० च्या ग्रंथात निर्णयशास्त्राच्या पायाशी ठेवला. त्याच डिसेंबरात, भारतातल्या व्याख्यानदौऱ्यात, निलगिरीत विमान कोसळून तो गेला.

न्यूरल नेटवर्कमध्ये वर्गाची सोय अंगाशी आली. बॅकप्रोपगेशनच्या (चूक थराथरांतून मागे नेत नेटवर्कला शिकवण्याच्या पद्धतीच्या) १९८६ च्या गाजलेल्या निबंधात वर्गच होते. पण सिग्मॉइड (कुठलाही आकडा ० ते १ मध्ये बसवणारं सूत्र) लावलेल्या मॉडेलने बरोबर उत्तराला अवघी ०.०१ शक्यता दिली, तर चुकीच्या वर्गाच्या निम्म्याचा ग्रेडियंट, म्हणजे मॉडेल किती बदलायचं ते सांगणारा उतार, साधारण ०.०१ येतो. म्हणजे जिथे ठाम चूक, तिथेच शिकणं थंड. शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती सिद्धांताशी नातं सांगणाऱ्या क्रॉस-एन्ट्रॉपीत, म्हणजे बरोबर उत्तराला दिलेल्या शक्यतेच्या लॉगॅरिदमवरून लॉस काढणाऱ्या सूत्रात, तोच ग्रेडियंट ०.९९ असतो.

आजची भाषा-मॉडेल्स पुढचा शब्द याच सूत्रावर शिकतात. मजकुरातल्या शब्दाला किती शक्यता दिली, एवढंच ते मोजतं. विधान खरं की खोटं, हे त्यात कुठेच नाही. म्हणून नंतर दोन उत्तरांपैकी माणसांना कोणतं पटलं, यावर वेगळं प्रशिक्षण देतात, आणि तिथलं लॉस बहुधा ब्रॅडली आणि टेरी यांच्या १९५२ च्या जोडी-तुलनेच्या सूत्रावरून येतं.