होडी एक, शिडाची आणि वल्ह्याचीही

आमच्याकडे होडीच्या चौकशीला येणारे बहुतेकजण आधी विचारतात, "शीड किती मोठं बसेल?" आम्ही उलट विचारतो, वारा पडला तर घरी कसे येणार? गोव्यातल्या शापोरा नदीच्या खाडीत सकाळची मतलई, म्हणजे जमिनीवरून दर्याकडे जाणारा वारा, थांबते आणि दर्यावरचा वारा सुटायला वेळ असतो. त्या मधल्या वेळात वल्हेच कामाला येते.

म्हणून आमची होडी आधी वल्ह्याची आहे. लांबी १६ फूट, रुंदी ३४ इंच. असे अरुंद अंग पाणी छान कापते, पण शीड चढवले की कलते. त्यावर जुना उपाय उलांडीचा, म्हणजे होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेल्या तरंगत्या ओंडक्याचा. उलांडी लावली की होडी सहसा उलटत नाही, मात्र त्या बाजूने वल्हे मारता येत नाही आणि कांदळवनातल्या चिंचोळ्या पाण्यात ती मुळांना अडकते. खाडीतच फिरणार असाल तर उलांडी नको. शीड ४ चौरस मीटरच ठेवा आणि वाऱ्याच्या बाजूला सरकून बसायला शिका.

सपाट बुडाची होडी शिडावर आडवी घसरते. ते थांबवायला बगलेला एक फळी पाण्यात सोडतो. आमच्या पहिल्या होडीत आम्ही ही फळी फार पुढे लावली. वाऱ्याचा जोर वाढला की नाळ (होडीचे पुढचे टोक) आपोआप वाऱ्याकडे वळायची आणि मागे वल्ह्याने सुकाणू धरणाऱ्याचा खांदा भरून यायचा. फळी वीतभर मागे नेली आणि होडी सरळ चालू लागली. आता आम्ही फळीचा आडवा दांडा मागे-पुढे सरकेल असाच बसवतो, कारण प्रत्येकाच्या बसण्याने तोल बदलतो.

डोलकाठी होडीपेक्षा आखूड ठेवतो. ताणाचे दोर नसल्याने ती उपटून आत आडवी ठेवता येते. शिडाचा दोर कधीही बांधून ठेवू नका, हातातच धरा. झोत आला की सोडून द्यायचा.

कोलवाळहून शिवोलीकडे सकाळच्या ओहोटीबरोबर उतरा आणि दुपारी भरती व वारा घेऊन परत या. त्यासाठी आदल्या रात्री भरती-ओहोटीचे कोष्टक बघावे लागते. दुपारी ओहोटी असेल तर खाडीच्या मुखाकडे जाऊ नका. वारा आत येतो, पाणी बाहेर जाते आणि लाटा उभ्या राहतात. जून ते सप्टेंबर आम्ही होडी देत नाही, दुरुस्तीला मात्र घेतो.

बघायला या ते सकाळी या, आणि कपडे भिजले तरी चालतील असे घाला.