उंदीर शिंकतोय, पण श्वास कसा घेतोय?

बाहेर पडताना कोणी शिंकलं तर दोन मिनिटं थांबणारी घरं नाशिकमध्ये अजून आहेत. अशा घरात मुलांनी हौसेने पांढरा उंदीर पाळला, तर आजीला घराबाहेर पडणंच अवघड. उंदीर शिंकतोच. धूळ, अत्तर, उदबत्ती, नवी जागा, काहीही पुरतं.

पण निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आल्या की आपण पिंजऱ्यावर जाड चादर टाकतो आणि शिंका वाढतात. खापर थंडीवर फुटतं. खरं तर पिंजऱ्यात अंथरलेल्या भुशात मुरलेल्या लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, आणि चादरीमुळे तो वायू उंदराच्या नाकाशीच कोंडतो. वखारीतला बारीक भुसा असेल तर त्यात धुळीची भर.

मग नाकाशी लाल डाग दिसतो आणि घर हादरतं. ते बहुतेक वेळा रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डर ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं लालसर रंगद्रव्य झरतं, अश्रूंबरोबर नाकात उतरतं. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ते गुलाबी चमकतं, रक्त चमकत नाही. ताण किंवा आजार असला की उंदीर अंग चाटून साफ ठेवत नाही आणि डाग साचतो. म्हणजे डाग दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण घाबरण्यासारखाही नाही.

श्वासाच्या आजारातला खरा गुन्हेगार मायकोप्लाझ्मा पल्मोनिस. बहुसंख्य पाळीव उंदरांच्या श्वासमार्गात हा जिवाणू पिल्लूपणापासून, आईकडून आलेला, मुक्कामाला असतो. याची गंमत अशी की याला पेशीभित्तिकाच नाही. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) जखडतात. इथे भिंतच नाही, तर जखडणार कोणाला? म्हणून घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी कुटून पाजणं व्यर्थ. दुसरी प्रतिजैविकं वेगळीकडे मारा करतात: डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेवर घाव घालतं, एनरोफ्लॉक्सॅसिन डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या विकरावर. दोन्ही ठिकाणं मायकोप्लाझ्मात शाबूत असतात. हा जिवाणू श्वासनलिकेच्या आतल्या केशकांना, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंना चिकटतो. हे केशक एरवी वाऱ्यावर डोलणाऱ्या गव्हाच्या शेतासारखे एका लयीत हलत कफ वर ढकलतात. ती लय मंदावते, कफ खाली फुफ्फुसात साचतो. अमोनियाही केशकांनाच मारतो, त्यामुळे घाणेरडा पिंजरा आणि मायकोप्लाझ्मा एकमेकांचं काम सोपं करतात. औषधाने आजार दबतो, समूळ जात सहसा नाही.

म्हणून शिंका मोजत बसू नका. उंदीर आपल्या कानाजवळ धरून ऐका. छातीत घरघर, टकटक किंवा चिवचिव असा आवाज येत असेल, शिंका आठवडाभर थांबत नसतील, पाठीला कुबड काढून केस पिंजारून तो कोपऱ्यात बसत असेल, किचनच्या काट्यावर वजन घसरत असेल, तर एक-दोन दिवसांत पशुवैद्य गाठा. श्वासागणिक कुशी आत ओढल्या जात असतील, खाणं सुटलं असेल, पंजे-शेपटी निळसर पडली असेल, तर त्याच दिवशी. उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी. त्याने तोंड उघडून मान वर करून हवा ओढली म्हणजे नाकाचा मार्ग हरला. तेव्हा रात्र असली तरी निघायचं.

ओव्याची धुरी, कापूर, बाम यांतलं काहीही पिंजऱ्याजवळ नको. धूर हा केशकांचा शत्रूच.

बऱ्याच दवाखान्यांत कुत्री-मांजरंच येतात, तेव्हा आधी फोन करून उंदीर तपासतात का ते विचारा. श्वासाचा व्हिडिओ घरीच काढून न्या. अनोळखी टेबलावर उंदीर घाबरतो आणि श्वास भराभर चालतो, मग खरी गती कळत नाही. सोबतचा दुसरा उंदीरही न्या. एकाला झालं तर दुसऱ्याच्या श्वासमार्गातही तोच पाहुणा असण्याची शक्यता दाट.