कंपनीचा आहारतज्ज्ञ की स्वतंत्र आहारतज्ज्ञ? कॉलिकच्या ऑपरेशननंतर घोड्याला काय घालायचं

पोटशूळाचं, म्हणजे कॉलिकचं, ऑपरेशन होऊन घोडा तबेल्यात परत आला की मालकाच्या हातात दवाखान्याचा एक कागद असतो. त्यावर सुरुवातीचं पथ्य लिहिलेलं असतं: थोडं थोडं गवत, दिवसातून अनेक वेळा, चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, बंद. पुढच्या दोन-तीन महिन्यांबद्दल त्यात बहुधा फारसं काही नसतं आणि तिथूनच सल्लागारांची गर्दी सुरू होते. अमेरिकेत हे ऑपरेशन नेहमीचं आहे आणि घोड्यांच्या खाद्याचा बाजारही मोठा आहे. तिथे मालकाला दोन प्रकारची माणसं भेटतात. दोघंही स्वतःला इक्वाइन न्यूट्रिशनिस्ट, म्हणजे घोड्यांचे आहारतज्ज्ञ, म्हणवतात. दोघंही छातीभोवती टेप लावून वजन काढतात, बरगड्यांवरून हात फिरवतात आणि शेवटी लेखी तक्ता देतात. एकाचा पगार खाद्याची कंपनी देते, दुसऱ्याची फी मालक भरतो. वरवर पाहता फरक एवढाच.

कंपनीचा माणूस खोटं बोलतो असं मुळीच नाही. कित्येकदा तो पीएचडी असतो, आपल्या प्रत्येक पोत्यात स्टार्च किती आणि तेल किती हे त्याला तोंडपाठ असतं. शिवाय त्याचा सल्ला फुकट असतो. अडचण अशी की त्याचं उत्तर कुठल्या ना कुठल्या पोत्यात सापडावंच लागतं. 'पहिले काही आठवडे पोतं नकोच, चांगलं गवत, मीठ आणि पाणी पुरे,' हे त्याच्या कामात बसत नाही. ऑपरेशननंतर घोड्याच्या बरगड्या दिसतात, मालक घाबरलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी जास्त उष्मांकाचं पोतं पुढे येतं. वास्तविक घोडा महिनाभर ठाणबंद असतो. थोडं वजन उतरणं अपेक्षित असतं आणि ते हळूहळू भरून काढता येतं.

स्वतंत्र माणसाने, तो खरा स्वतंत्र असेल तर, आधी ऑपरेशनचा अहवाल मागायला हवा. कारण 'कॉलिकचं ऑपरेशन' या एका नावाखाली निरनिराळी ऑपरेशनं येतात. मोठं आतडं जागचं सरकलं होतं, ते फक्त जागेवर बसवलं, काही कापलं नाही, तर घोडा बऱ्याचदा एका दिवसाच्या आत मूठभर गवत खायला लागतो. लहान आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडली असतील तर जोडाची जागा सुजलेली आणि अरुंद असते. आतड्याची हालचाल थंडावली की पाणी उलटं जठरात साचतं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे नाकातून नळी घालून ते काढावं लागतं. अशा घोड्याला खायला उशिरा आणि अगदी बेताने द्यायचं: थोडा कोवळा चारा, भिजवून मऊ केलेल्या गोळ्या. मोठ्या आतड्याचा बराच भाग काढला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. सुरुवातीला तंतू, प्रथिनं आणि फॉस्फरस नीट पचत नाहीत, म्हणून लसूणघासासारखा प्रथिनयुक्त चारा कामाला येतो. शेवटच्या, लीद बांधणाऱ्या आतड्यावर टाके असतील तर जाडाभरडा चारा टाळायचा. म्हणून 'पोस्ट-सर्जरी फॉर्म्युला' असं एकच पोतं सगळ्यांना लागू पडेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आकडे मात्र दोघांनाही एकच ठाऊक असतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलचा 2007 सालचा ग्रंथ दोघांच्याही हाताशी असतो. बरा झालेल्या घोड्याला वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा हवा, म्हणजे 500 किलोच्या घोड्याला रोज साडेसात किलो. एका वेळच्या चंदीतलं स्टार्च दर किलो वजनामागे एक ग्रॅमच्या आत ठेवलेलं बरं. 500 किलोच्या घोड्यासाठी साधारण एक किलो जवातच ही मर्यादा संपते. न पचलेलं स्टार्च मोठ्या आतड्यात उतरलं की तिथे ते वेगाने आंबतं, आम्ल आणि वायू वाढतात. म्हणून कुणाच्याही तक्त्यात एका वेळचं स्टार्च लिहिलेलं नसेल तर आधी तेच विचारा.

गवताची प्रयोगशाळेत तपासणी करायला कोण सांगतो, हीही एक खूण आहे. न्यू यॉर्क राज्यातल्या इथाका इथल्या इक्वी-अॅनॅलिटिकलसारखी प्रयोगशाळा नमुना तपासून देते. त्यात एनडीएफ, म्हणजे गवतातल्या चिवट तंतूंचं प्रमाण, 65 टक्क्यांच्या पुढे गेलं असेल तर गवत जून आणि चोथट आहे, टाक्यांच्या घोड्याला नको. घोड्याच्या दिवसभराच्या खाण्यातला सगळ्यात मोठा भाग गवत असतं. ते न तपासता पोत्यांचा हिशेब मांडणाऱ्याचा तक्ता मी तरी घेणार नाही.

सप्लिमेंटचं प्रकरण यापेक्षा अवघड. अमेरिकेत काही विक्रेते सांगतात, आमची अमुक पुडी नियमित घ्या, वर्षाकाठी पशुवैद्यकाकडून तपासणी करा, कॉलिकचं ऑपरेशन झालंच तर खर्चातले काही हजार डॉलर आम्ही देऊ. हा पैशांचा व्यवहार झाला, आणि विम्यासारखा तो एखाद्याला सोयीचाही असेल. त्यावरून पुडीने कॉलिक टळतं हे सिद्ध होत नाही. 'पोटासाठी चांगले' जिवाणूही सरसकट निरुपद्रवी समजू नका: 2005 साली कॅनडातल्या संशोधकांनी नवजात शिंगरांना एक प्रोबायोटिक देऊन पाहिलं, तर हगवण कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

आता दुसरी बाजू. 'स्वतंत्र' हा शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतं. अमेरिकेत इक्वाइन न्यूट्रिशनिस्ट या नावाला कायद्याचं संरक्षण नाही. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून आपल्याच नावाची पावडर विकणारा माणूस कंपनीच्या पीएचडीपेक्षा जास्त पक्षपाती, आणि वर अडाणीही असू शकतो. पदवी पाहायची तर अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी इंटर्नल मेडिसिनच्या पोषण शाखेचा (पूर्वीचं अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी न्यूट्रिशन) किंवा युरोपातल्या पशुपोषणाच्या कॉलेजचा डिप्लोमा पाहा, किंवा केंटकी, रटगर्स यांसारख्या विद्यापीठांच्या एक्स्टेंशन, म्हणजे लोकांना सल्ला देणाऱ्या, विभागाला विचारा. तिथल्या संशोधनातही कंपन्यांचा पैसा असतो, पण निदान सल्ल्यासोबत पोत्याचं बिल येत नाही. दोघांनाही विचारावा असा माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न साधा आहे: मी काहीच विकत घ्यायचं नाही असं ठरवलं, तर तुम्ही काय द्यायला सांगाल? कंपनीच्या एखाद्या माणसाने याचं सरळ उत्तर दिलं तर मी त्याचा सल्ला बिनदिक्कत घेईन.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सचे घोडे असोत की सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला मारवाडी, सल्ला देणारे वेगळे असतात. खाद्याचा दुकानदार आणि मोतद्दार, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणारा. मोतद्दाराला काही विकायचं नसतं, तरी त्याचा कल ठरलेला असतो: घोडा उतरला की हरभरा, गूळ, तूप. टाक्यांच्या पोटाला हे तिन्ही सुरुवातीला नकोत. लीद किती, किती वेळा, कोरडी की सैल, याची त्याला जितकी जाण असते तितकी मात्र बाहेरून येणाऱ्या कुठल्याच तज्ज्ञाला नसते. लिदेची रोजची नोंद त्याच्याकडून घ्या, चंदीचा निर्णय सर्जनला विचारून करा. तज्ज्ञाचा तक्ता आणि दवाखान्याचं पथ्य यांत फरक पडला तर पोट उघडून पाहिलेल्या माणसाचंच ऐका.

आणि सल्ला कुणाचाही घ्या, निदान दोन महिन्यांचं गवत एकाच लॉटचं भरून ठेवा. गवताचा अचानक बदल हे कॉलिकचं जुनं, सिद्ध झालेलं कारण आहे. लॉट बदलावाच लागला तर दहा-चौदा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा.