अंबाझरी भरला म्हणजे नळ भरला नाही

अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून पाणी पडलं की आमच्याकडे नागपुरात हमखास ऐकू येतं, "चला, यंदा पाण्याचं टेन्शन गेलं." दिसायला सुंदर, पण गैरसमज. १८७० साली बांधलेला अंबाझरी एके काळी शहराला पाणी देत होता. आज नळाचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं.

म्हणून पाहायचा तो पेंच प्रकल्पातल्या तोतलाडोह धरणाचा आकडा. जलसंपदा विभाग धरणसाठ्याची आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवतो. त्यातली टक्केवारी उपयुक्त साठ्याची, म्हणजे वापरायला काढता येणाऱ्या पाण्याची असते, त्यामुळे शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे.

एकक दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. शहराला रोज ७० कोटी लिटर लागतं असं धरलं, तर वर्षाला साधारण २५५ दलघमी झाले. तोतलाडोहचा उपयुक्त साठा हजार दलघमीच्या आसपास. भरपूर वाटतं ना? पण त्यावर शेतीचं सिंचन आहे, कोराडीचं वीजकेंद्रही आहे. शिवाय वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, चौराई धरण पेंचचंच पाणी अडवतं.

२०१९च्या जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी आलं, ते तोतलाडोह आटल्यामुळे.