राज्य हौशी नाट्य स्पर्धेसाठी पहिले नाटक बसवताना: पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेने १९५४ पासून गावोगावच्या संस्थांमधून दिग्दर्शक घडवले आहेत. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसासाठी हौशी संस्था हीच नाट्यशाळा असते. तिथे तो आधी बुकवर बसतो, म्हणजे संहिता हातात घेऊन नटांना विसरलेले संवाद सांगतो, जमिनीवर खडूने आखलेल्या दारांतून नटांना आत-बाहेर करताना ज्येष्ठ दिग्दर्शकाला पाहतो, आणि दोन-तीन नाटकांनंतर संस्था त्याच्या हाती संहिता देते. त्या पहिल्या नाटकासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची ही माहिती आहे.

स्पर्धेची प्रवेशिका दिग्दर्शकाच्या नव्हे, तर संस्थेच्या नावाने भरली जाते. त्यामुळे दिग्दर्शकाला नाट्यशास्त्राच्या पदविकेची गरज नसते, पण त्याच्या पाठीशी नोंदणीकृत संस्था असावी लागते. नवीन संस्था काढायची असल्यास संस्था नोंदणी अधिनियम १८६० नुसार किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची नोंद धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही करावी लागते. हे काम स्पर्धेच्या तोंडावर होत नाही. म्हणून नवख्याने आपल्या भागातल्या जुन्या संस्थेतूनच पहिली प्रवेशिका भरावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे नोंदणी प्रमाणपत्रही तयार असते आणि चुका दाखवणारी अनुभवी माणसेही.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती लेखकाच्या परवानगीची. ती तोंडी चालत नाही. पत्रावर नाटकाचे नाव, संस्थेचे नाव, परवानगी किती प्रयोगांसाठी आहे, मानधन किती ठरले आणि लेखकाची सही या गोष्टी स्पष्ट असाव्यात. भारतीय कायद्याप्रमाणे नाट्यलेखनावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून दिवंगत लेखकाच्या बाबतीत वारसांचे पत्र घ्यावे लागते. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नाटकांना आज अशी परवानगी लागत नाही. मात्र कोणी अलीकडे केलेली त्या नाटकाची संक्षिप्त रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेली संहिता, वापरणार असाल, तर ती करणाऱ्याला विचारले पाहिजे. अनुवादित नाटकात मूळ लेखक आणि अनुवादक असे दोन स्वतंत्र हक्क असतात, आणि नवे दिग्दर्शक नेमके इथेच अडकतात. विनामूल्य प्रेक्षकांसमोर हौशी मंडळाने केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे खरी, पण स्पर्धेच्या प्रयोगाला, नाममात्र का होईना, तिकीट असते. तेव्हा त्या सवलतीवर विसंबू नये.

दुसरा टप्पा रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या शासकीय मंडळाच्या, प्रमाणपत्राचा. सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता मंडळाकडे सादर करून हे प्रमाणपत्र मिळवावे लागते. संहिता स्वच्छ टंकलिखित असावी, पानांना क्रमांक असावेत आणि तालमीत पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या त्या प्रतीत आलेल्या असाव्यात. तालीम रंगात आली की संवाद बदलतात, प्रवेश पुढे-मागे होतात. पण प्रमाणपत्र सादर केलेल्या संहितेलाच मिळालेले असते. म्हणून निदान पहिली दोन-तीन सलग वाचने झाल्यावर आणि संहिता पक्की झाल्यावरच ती पाठवावी, परंतु प्रयोगाच्या तारखेपर्यंत छाननीला पुरेसा वेळ उरेल याकडेही लक्ष ठेवावे. नाटक पूर्वी कोणी केले असेल, तर जुन्या प्रमाणपत्राचा क्रमांक त्या संस्थेकडून किंवा लेखकाकडून मिळतो का, हे आधी विचारावे.

प्रवेशिका दरवर्षी संचालनालयाने जाहीर केलेल्या मुदतीत, अनामत रकमेसह भरायची असते. रक्कम, केंद्रांची यादी आणि प्रयोगाची किमान वेळ त्या वर्षीच्या नियमावलीतूनच पाहावी, गेल्या वर्षीच्या आठवणीतून नव्हे. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके असल्याने श्रेयनामावलीतले प्रत्येक नाव अचूक लिहावे, सहायक दिग्दर्शकाचेही.

नोंदणी प्रमाणपत्र, परवानगीपत्र, परिनिरीक्षण प्रमाणपत्र आणि संहितेची प्रत यांची एक फाइल प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहात न्यावी, आणि ती नेपथ्याच्या ट्रकमध्ये न ठेवता दिग्दर्शकाने स्वतःजवळ ठेवावी.