पहिलीची घरची तयारी

पहिलीची घरची तयारी म्हणजे मूल इयत्ता पहिलीत जायच्या आधीच्या वर्षात आईवडील, आजी-आजोबा, ताई-दादा घरातल्या घरात त्याच्याकडून जे काही करून घेतात ते सगळं. महाराष्ट्रात पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात आणि त्यासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. शाळा मात्र जूनच्या मध्याला उघडते (विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा), त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल साडेपाचचंच असताना वर्गात बसतं आणि त्याच्या शेजारी जवळजवळ साडेसहाचं मूल असतं. या वयात एवढा फरक खूप झाला, म्हणून "त्याला येतं, तुला का नाही" म्हणायच्या आधी दोघांचे वाढदिवस बघावेत.

बहुतेक घरांत तयारी म्हणजे बाराखडी, शंभरपर्यंत अंक आणि ए टू झेड घोटून घेणं असाच समज असतो. खरी तयारी त्याच्या आधीची असते, हाताची, कानाची आणि धीराची, आणि ती वहीपेक्षा स्वयंपाकघरात जास्त होते. मटार सोलताना अंगठा आणि पहिलं बोट शेंगेच्या शिवणीवर दाबावं लागतं, तीच चिमूट पुढे पेन्सिल धरायला लागते. कणकेचे गोळे करणं, शेंगदाण्यांची सालं काढणं, शर्टाची बटणं स्वतः लावणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, हे सगळं लिहिण्याचंच काम आहे. त्यानंतर पाटीवर उभी, आडवी, तिरपी रेघ आणि गोल आले की पुरे, कारण ग, म, भ, न मधली उभी रेघ आणि ठ मधला गोल त्यातूनच येतो. हात तयार नसताना पानंच्या पानं लिहायला लावली तर बोटं दुखतात आणि मूल वही बघितली की पळतं.

कानासाठी सगळ्यात सोपा खेळ म्हणजे शब्दांच्या भेंड्या. बटाटा, मग टरबूज, मग जहाज, असं बसमध्ये किंवा भाजी निवडताना कुठेही खेळता येतं, शेवटी ळ किंवा ण आला की गाडी अडते तेव्हा त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं. देवनागरीत बरंचसं जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून शब्दातले आवाज सुटे ऐकू यायला लागलेल्या मुलाला अक्षरं पटकन लागतात. शाळा इंग्लिश मीडियमची असली तरी गोष्टी आणि गप्पा घरच्या भाषेतच भरपूर कराव्यात, मूल विचार करायला तिथेच शिकतं.

गणिताचं पण तसंच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "पाच चमचे आण" म्हटलं की ते चार आणतं, असं पुष्कळदा होतं. त्यापेक्षा माणसं मोजून तेवढी ताटं मांडायला लावा, पाहुणे आले की अजून किती लागतील ते विचारा. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी, म्हणून मुलं ५२ लिहितात, त्यावर ओरडू नये.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणात काम करणाऱ्या दोघींनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला (दोन्ही गावं आताच्या पालघर जिल्ह्यात) आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, बिया, पानं, शिंपले असं आजूबाजूचंच साहित्य वापरून. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्यात शाळेत मेळावा भरतो, मूल एकेका स्टॉलवर उड्या मारतं, वस्तू लावतं, चित्र बघून बोलतं आणि गावातल्या आयांचे माता गट करून त्यांना घरी करायच्या कृती देतात. ही परीक्षा नव्हे. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही, त्यामुळे मुलाखतीच्या तयारीचे क्लास लावून पैसे घालवू नयेत.

धिराची तयारी लोक विसरतातच. शू-शी आली हे बाईंना न लाजता सांगणं, डब्याचं झाकण उघडणं, आपलं पूर्ण नाव सांगणं, थोडा वेळ आईशिवाय राहणं, हे यायला हवं. डबा सुट्टीतच घरी शाळेसारखा खायला द्यावा, झाकण घट्ट असेल तर दुसरा घ्यावा, कारण पहिल्या आठवड्यात कितीतरी मुलं डबा उघडत नाही म्हणून उपाशी घरी येतात. आणि "शाळेत जा, मग बाई बघतील तुझ्याकडे" ही धमकी कृपा करून देऊ नका, जूनमधलं अर्धं रडणं त्यातूनच येतं.

मूल टीव्हीला चिकटून बसत असेल किंवा मागून हाक मारल्यावर ओ देत नसेल तर हट्टी म्हणायच्या आधी डोळे-कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत मोफत तपासणीला येते, ती कधी येणार ते अंगणवाडी ताईंना विचारून ठेवावं आणि शाळा उघडायच्या आत हे काम उरकावं.